श्रमदान

श्रमदान म्हणजे सार्वजनिक उपयोगाच्या कामासाठी नागरिकांनी एकत्र येऊन स्वेच्छेने आणि मोबदला न घेता केलेले शारीरिक श्रम होत. गावातील रस्ते, विहिरी, तलाव व शाळांची आवारे यांची दुरुस्ती, जलसंधारण, वृक्षलागवड, सार्वजनिक बागांची निगा, ग्रामसफाई, किल्ल्यांचे संवर्धन आणि समुद्रकिनाऱ्यांची स्वच्छता ही श्रमदानाची प्रमुख क्षेत्रे आहेत. महाराष्ट्रात या संकल्पनेला ग्रामीण परस्परसहकार्याच्या जुन्या प्रथा, संतांचे लोकशिक्षण, गांधीवादी व सर्वोदयी विचार आणि दुष्काळनिवारणाचे प्रयत्न अशी अनेक अंगांची परंपरा लाभली आहे. श्रमदानातून काम उभे करणे तुलनेने सोपे असते. उभ्या राहिलेल्या कामाची पुढील अनेक वर्षे देखभाल करणे हा त्यातील कठीण भाग मानला जातो.

व्युत्पत्ती आणि अर्थ

'श्रमदान' हा 'श्रम' आणि 'दान' या दोन संस्कृत शब्दांचा सामासिक शब्द असून 'श्रमाचे दान' असा त्याचा विग्रह होतो. अन्नदान, विद्यादान, गोदान या जुन्या शब्दांच्या धर्तीवर तो तयार झाला आहे. विसाव्या शतकात, विशेषतः भूदान चळवळीच्या काळात, तो सर्वत्र रूढ झाला. सर्वोदयी विचारात भूदान, संपत्तिदान, बुद्धिदान आणि श्रमदान अशी दानाची विविध रूपे मांडली गेली. ज्याच्याकडे जमीन अथवा पैसा नाही, त्यालाही श्रमाच्या रूपाने दाता होता येते, हा त्यामागील आशय होता.

श्रमदान आणि त्याच्या जवळच्या संकल्पना यांत पुढीलप्रमाणे भेद केला जातो.

परस्परश्रम: यात आज एकाच्या शेतात केलेल्या कामाची परतफेड उद्या दुसऱ्याच्या शेतात श्रमानेच होते. काम खासगी असते, सहकार्य सामूहिक असते.

वेठबिगार: यातही मोबदला मिळत नाही, परंतु काम सक्तीचे असते. स्वेच्छा हाच श्रमदान व वेठबिगार यांच्यातील मूलभूत फरक आहे.

रोजगार हमीचे काम: चर खोदणे, बांध घालणे, रस्ता करणे ही कामे रोजगार हमी योजनेतही होतात; मात्र तेथे काम करणाऱ्यास मजुरीचा कायदेशीर हक्क असतो.

पारंपरिक पार्श्वभूमी

श्रमदान हा शब्द रूढ होण्यापूर्वीपासून महाराष्ट्रात सामूहिक श्रमाच्या अनेक प्रथा प्रचलित होत्या. इर्जिक या प्रथेत गावातील शेतकरी आपापली अवजारे व बैल घेऊन एखाद्या शेतकऱ्याच्या शेतातील नांगरट, पेरणी किंवा कापणी एका दिवसात उरकून देत. त्या शेतकऱ्याने सर्वांना जेवण द्यावे, असा रिवाज असे. सावड पद्धतीत दिवसाच्या बदल्यात दिवस असा श्रमाचा हिशेब ठेवला जातो. पुणे जिल्ह्यातील आंबेगाव व जुन्नर तालुक्यांच्या डोंगराळ आदिवासी भागात डोंगरउतारावर भातखाचरे तयार करण्यासाठी केल्या जाणाऱ्या सामूहिक श्रमाला पडकई म्हणतात.

सामूहिक मालमत्तेच्या देखभालीसाठीही काही ठिकाणी पक्की व्यवस्था होती. खानदेश व नाशिक परिसरात पांझरा, मोसम यांसारख्या नद्यांवरील फड पद्धतीत बंधाऱ्यातून निघालेल्या पाटाचे पाणी लाभधारक शेतकरी ठरलेल्या नियमांनुसार वाटून घेत आणि पाटातील गाळ काढण्याची जबाबदारीही तेच उचलत. गोव्यातील खाजन शेतीत खाऱ्या पाण्याला अडवणारे बांध व पाण्याची दारे असलेल्या मानशी यांची निगा गावकरी या ग्रामसंस्थेच्या कक्षेत येत असे. पूर्व विदर्भातील मालगुजारी तलावांची डागडुजी मालगुजार गावकऱ्यांच्या श्रमातून करून घेत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आल्यावर हे तलाव शासनाकडे आले व 'माजी मालगुजारी' अर्थात 'मामा तलाव' या नावाने ओळखले जाऊ लागले. त्यानंतरच्या काळात अनेक तलावांत गाळ साचला व त्यांची साठवणक्षमता घटली. देखभालीची जुनी व्यवस्था मोडल्यावर तिची जागा घेणारी नवी व्यवस्था उभी राहिली नाही, तर सामूहिक मालमत्तेचे काय होते, याचे हे उदाहरण म्हणून दिले जाते. मालगुजारीतील श्रम सर्वस्वी ऐच्छिक नव्हते, हेही येथे लक्षात घ्यावे लागते.

आधुनिक काळातील विकास

संत आणि समाजसुधारक

गाडगे महाराज (१८७६–१९५६) गावात आल्यावर दिवसा हाती खराटा घेऊन रस्ते झाडत आणि रात्री कीर्तनातून स्वच्छता, शिक्षण व व्यसनमुक्ती यांविषयी लोकांशी बोलत. प्रथम कृती व नंतर उपदेश, हा त्यांच्या लोकशिक्षणाचा क्रम होता. तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) यांनी 'ग्रामगीता' या ग्रंथात ग्रामशुद्धी, ग्रामनिर्माण आणि श्रमसंपत्ती या विषयांना स्वतंत्र अध्याय दिले. सेनापती बापट यांनीही रस्ते झाडण्याचे काम नित्याचा उपक्रम म्हणून स्वीकारले होते.

गांधीवादी व सर्वोदयी परंपरा

महात्मा गांधींनी आश्रमाच्या एकादश व्रतांत शरीरश्रमाचा समावेश केला. प्रत्येकाने स्वतःच्या अन्नापुरते तरी शारीरिक श्रम केले पाहिजेत, या विचारावर टॉलस्टॉय व रस्किन यांच्या लेखनाचा प्रभाव होता. 'कोकणचे गांधी' म्हणून ओळखले जाणारे अप्पासाहेब पटवर्धन यांनी १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात आपल्याला सफाईचे काम मिळावे यासाठी अन्नत्यागाचा मार्ग अवलंबला. त्यांच्या समर्थनार्थ गांधीजींनीही येरवडा तुरुंगात उपोषण सुरू केले होते. पुढे पटवर्धन यांनी कणकवलीजवळील गोपुरी आश्रमातून मैलासफाईच्या पर्यायी पद्धतींवर काम केले.

विनोबा भावे यांनी १९४६ पासून पवनारजवळच्या सुरगाव या गावी दररोज पायी जाऊन मैलासफाईचे काम केले. १९५० मध्ये पवनार आश्रमात त्यांनी कांचनमुक्तीचा प्रयोग सुरू केला. पैशावरचे अवलंबन सोडून स्वतःच्या श्रमावर जगण्याच्या या प्रयोगात आश्रमवासीयांनी विहीर खोदली आणि बैलांचा वापर न करता केवळ हातांनी भाजीपाला व धान्य पिकवले. या पद्धतीला ऋषिशेती असे नाव मिळाले. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथून भूदान चळवळ सुरू झाली आणि श्रमदान हा शब्द देशभर पोहोचला.

स्वातंत्र्योत्तर शासकीय व संस्थात्मक प्रयत्न

२ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामूहिक विकास कार्यक्रमास प्रारंभ झाला. ग्रामीण रस्ते, विहिरी, शाळांच्या इमारती अशा कामांत लोकांचा वाटा पैसा, साहित्य किंवा श्रम या रूपांत घेण्याचे तत्त्व त्यात होते. त्याच वर्षी स्थापन झालेल्या भारत सेवक समाजाने बिहारमधील कोसी नदीच्या तटबंधांसारख्या कामांत स्वयंसेवी श्रमाची जुळवाजुळव केली.

महाराष्ट्रात राष्ट्र सेवा दलाच्या सेवापथकांनी श्रमदान शिबिरे घेतली. बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ प्रकल्पात १९६७ मध्ये तरुणांसाठी श्रमसंस्कार छावणी सुरू केली. मे महिन्यात भरणाऱ्या या छावणीत सकाळी शेतातील व बांधबंदिस्तीची कामे आणि उर्वरित वेळात व्याख्याने व चर्चा अशी दिनचर्या असते. २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांसह राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. या योजनेतील स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास काम करणे आणि एका सात दिवसांच्या विशेष शिबिरात भाग घेणे अपेक्षित असते. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा श्रमदानाशी येणारा पहिला संबंध बहुधा या शिबिरातून येतो.

महाराष्ट्रातील प्रमुख उपक्रम

आदर्श गाव

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील राळेगणसिद्धी येथे अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने १९७५ नंतर ग्रामविकासाचे काम सुरू झाले. नशाबंदी, नसबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि श्रमदान ही त्याची पंचसूत्री होती. राज्य शासनाने १९९२ मध्ये सुरू केलेल्या आदर्श गाव योजनेचा आधारही हीच सूत्रे होती. याच जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे १९८९ पासून पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली डोंगरावर समतल चर, वृक्षलागवड व बंधारे यांची कामे झाली. गावाने श्रमदानाबरोबरच उपलब्ध पाण्याच्या वापरावरही बंधने स्वीकारली. शेतीसाठी कूपनलिका न घेणे आणि ऊस व केळी यांसारखी जास्त पाणी लागणारी पिके टाळणे हे त्यांपैकी महत्त्वाचे नियम होत. दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडून पीकनियोजन करण्याची पद्धत तेथे रुजली. श्रमातून अडवलेले पाणी नियमांमुळे टिकून राहिले, असे या गावाच्या यशाचे विश्लेषण केले जाते.

ग्रामस्वच्छता अभियान

राज्याचे तत्कालीन ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने २०००–०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. गावांमध्ये स्पर्धा घेऊन तालुका, जिल्हा, विभाग व राज्य पातळीवर बक्षिसे देण्याची त्याची रचना होती. गटारांची सफाई, शोषखड्डे, शौचालयांची बांधकामे, उकिरडे हलवणे, शाळेच्या आवारात बाग करणे ही कामे गावांनी लोकवर्गणी व श्रमदानातून केली.

पाणलोट विकास

१९९० च्या दशकात राबवलेल्या इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमात गावाने अकुशल मजुरीच्या खर्चाचा काही हिस्सा श्रमदानाच्या रूपाने उचलावा, अशी अट होती. प्रकल्प मंजूर होण्यापूर्वी गावाची तयारी अजमावण्यासाठीही श्रमदान करावे लागे. भूमिहीन व एकट्याने घर चालवणाऱ्या गरीब कुटुंबांना या अटीतून सूट देण्यात आली होती. प्रकल्प पूर्ण झाल्यानंतरच्या देखभालीसाठी वेगळा निधी राखून ठेवणे हाही कार्यक्रमाचा भाग होता.

वॉटर कप स्पर्धा

२०१६ मध्ये स्थापन झालेल्या पाणी फाउंडेशन या संस्थेने 'सत्यमेव जयते वॉटर कप' ही गावांमधील जलसंधारणाची स्पर्धा सुरू केली. पहिल्या वर्षी वरूड (अमरावती), अंबाजोगाई (बीड) व कोरेगाव (सातारा) या तीन तालुक्यांतील ११६ गावांनी त्यात भाग घेतला आणि कोरेगाव तालुक्यातील वेळू हे गाव विजेते ठरले. २०१७ मध्ये वर्धा जिल्ह्यातील काकडदरा आणि २०१८ मध्ये सातारा जिल्ह्यातील टाकेवाडी या गावांनी प्रथम क्रमांक मिळवला. स्पर्धेची व्याप्ती २०१७ मध्ये ३० व २०१८ मध्ये ७५ तालुक्यांपर्यंत वाढली. गावातील निवडक स्त्री-पुरुषांना आधी निवासी प्रशिक्षण आणि त्यानंतर उन्हाळ्यात ४५ दिवसांचे काम, असे तिचे स्वरूप होते. १ मे २०१८ रोजी झालेल्या महाश्रमदानात शहरांतील स्वयंसेवकही गावोगावी गेले. ही स्पर्धा २०१९ पर्यंत चालली. त्यानंतर संस्थेने मृदा व जल व्यवस्थापन, गवताळ कुरणे आणि गटशेती अशा दीर्घ मुदतीच्या विषयांकडे लक्ष वळवले.

किनारा स्वच्छता

मुंबईतील वर्सोवा किनाऱ्यावर ऑक्टोबर २०१५ मध्ये वकील अफरोज शाह यांनी साप्ताहिक स्वच्छता सुरू केली. तिला हळूहळू शेकडो स्वयंसेवक जोडले गेले. २०१६ मध्ये शाह यांना संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरणविषयक 'चॅम्पियन्स ऑफ द अर्थ' पुरस्कार मिळाला. मार्च २०१८ मध्ये या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांची पिल्ले आढळली.

कार्यपद्धती

ग्रामीण भागात श्रमदानाची तयारी शिवारफेरीने होते. पाणी कोठून येते, कोठे वाहून जाते, कोणत्या जागेवर कोणता उपचार योग्य ठरेल, हे गावकरी व जाणकार मिळून पाहतात. माथ्यापासून पायथ्याकडे हा कामाचा क्रम असतो. डोंगरउतारावर प्रथम सलग समतल चर खोदले जातात; ते साधारणतः ६० सेंमी रुंद व ३० सेंमी खोल असतात. चराची समपातळी रेषा आखण्यासाठी लाकडी ए-फ्रेम किंवा पाण्याच्या नळीचा वापर करतात. त्याखालील ओघळींत दगडी बांध आणि पायथ्याशी नाला-बांध अशी रचना असते. पावसाळा संपल्यावर ओढ्यातील वाहते पाणी अडवण्यासाठी माती किंवा वाळूने भरलेल्या सिमेंटच्या रिकाम्या गोण्या रचून वनराई बंधारे घातले जातात.

कुदळ, टिकाव, फावडे, पहार, घमेले आणि विळा ही नेहमीची अवजारे होत. कामाची वेळ उन्हाळ्यात पहाटेपासून सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत ठेवतात. काही गावांत चांदण्या रात्रीही काम केले जाते. खोदणारे, माती भरणारे आणि घमेली पुढे देणारे असे गट पाडले जातात. माती वाहून नेण्यासाठी माणसांची साखळी केल्यास एकाच व्यक्तीवर भार पडत नाही व वृद्ध, स्त्रिया आणि मोठी मुले यांनाही सहभागी होता येते. पिण्याचे पाणी, सावली व प्रथमोपचार पेटी यांची सोय आयोजकांकडे असते. कामाच्या शेवटी खोदाईची मोजणी करून झालेले काम घनमीटरमध्ये नोंदवले जाते.

ग्रामीण श्रमदानात स्त्रियांचा वाटा मोठा असतो. पाणी आणण्याची जबाबदारी परंपरेने त्यांच्यावर असल्याने टंचाईची झळ त्यांनाच प्रथम बसते. मात्र घरकाम आटोपून श्रमदानास येणाऱ्या स्त्रीच्या दिवसभराच्या कष्टांत त्यामुळे भरच पडते.

वृक्षलागवड आणि सार्वजनिक बागांची निगा

शहरांतील टेकड्या, मोकळ्या जागा, गृहनिर्माण संस्थांची आवारे, स्मशानभूमी, शाळांच्या परसबागा व रस्त्यांच्या कडा येथे होणारे सामूहिक बागकाम हा श्रमदानाचा नागरी प्रकार आहे. पावसाळ्यापूर्वी खड्डे खणून त्यांत माती व शेणखत भरले जाते आणि पहिल्या चांगल्या पावसानंतर जून-जुलैमध्ये रोपे लावली जातात. कडुनिंब, करंज, बहावा, जांभूळ, वड, उंबर यांसारख्या स्थानिक प्रजाती पसंत केल्या जातात, कारण पहिली काही वर्षे जगवल्यावर त्यांना फारशी निगा लागत नाही.

लागवडीनंतरचे काम ऋतूंनुसार बदलते. पावसाळ्याच्या शेवटी रोपाभोवतीचे गवत काढून आळे केले जाते. गवत वाळून वणव्याचा धोका वाढण्यापूर्वी जाळरेषा काढतात, म्हणजे ठरावीक रुंदीच्या पट्ट्यातील गवत हटवतात. फेब्रुवारीपासून पाऊस येईपर्यंत पाणी द्यावे लागते. बाष्पीभवन कमी करण्यासाठी आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन करतात किंवा झाडाशेजारी सच्छिद्र मडके पुरून त्यात पाणी भरतात. पुण्यातील टेकड्यांवर सकाळी फिरायला जाणारे अनेक नागरिक घरून पाण्याच्या बाटल्या व कॅन नेऊन झाडांना घालतात. माळरानावरील रोप जगले असे म्हणण्यासाठी किमान दोन ते तीन उन्हाळे ही निगा चालू राहावी लागते.

लागवड व जोपासना यांतील अंतर हा या क्षेत्रातील जुना प्रश्न आहे. १९५० मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री क. मा. मुन्शी यांनी सुरू केलेल्या वनमहोत्सवापासून जुलैमधील सामूहिक वृक्षारोपणाची प्रथा रूढ झाली. महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी व २०१९ मध्ये ३३ कोटी रोपांच्या लागवडीचे उद्दिष्ट ठेवले होते आणि त्यात स्वयंसेवी संस्था व विद्यार्थी सहभागी झाले होते. यांतील किती रोपे जगली, हा नंतर विधिमंडळातही वादाचा विषय झाला. यामुळे लावलेल्या रोपांच्या संख्येऐवजी तीन वर्षांनी जिवंत असलेल्या रोपांची संख्या हे यशाचे मोजमाप असावे, असा आग्रह धरला जातो. त्यासाठी काही गट लागवडीची संख्या मर्यादित ठेवतात, प्रत्येक कुटुंबाकडे किंवा व्यक्तीकडे ठरावीक झाडे सोपवतात आणि आठवड्यातील एक वार कामासाठी निश्चित करतात.

दुर्गसंवर्धन

महाराष्ट्रातील गिर्यारोहक व इतिहासप्रेमींचे गट सुट्टीच्या दिवशी किल्ल्यांवर श्रमदान मोहिमा काढतात. पाण्याच्या टाक्यांतील गाळ उपसणे, मातीखाली गेलेल्या पायऱ्या व वाटा मोकळ्या करणे, प्लॅस्टिकचा कचरा खाली आणणे, दिशादर्शक फलक लावणे आणि तटबंदीवर उगवलेली झुडपे काढणे ही कामे त्यात येतात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेशातील १२ किल्ल्यांना जागतिक वारसा दर्जा दिला. त्यांपैकी ११ महाराष्ट्रात असून जिंजी तामिळनाडूत आहे. त्यामुळे या कामाकडे अधिक लक्ष वेधले गेले.

या क्षेत्रात उत्साहाइतकीच शास्त्रीय दृष्टी आवश्यक असते. तटातील पिंपळ, वड किंवा उंबर मुळासकट ओढून काढल्यास दगड निखळून भिंत ढासळू शकते. मूळ बांधकाम चुन्याचे असताना सिमेंट वापरल्यास दोन्हींचे गुणधर्म जुळत नाहीत व हानी होते. ढासळलेले दगड जागचे हलवल्यास मूळ रचनेचा पुरावा नष्ट होतो.

कायदेशीर बाबी

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २३ नुसार वेठबिगार व सक्तीचे श्रम यांना मनाई आहे. सार्वजनिक प्रयोजनासाठी सेवा अनिवार्य करण्याचा अधिकार त्याच अनुच्छेदाने राज्यसंस्थेला दिला आहे; मात्र त्यात धर्म, वंश, जात किंवा वर्ग यांवरून भेदभाव करता येत नाही. वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम १९७६ मध्ये संमत झाला.

श्रमदानाची जागा कोणाच्या मालकीची आहे, यावर आवश्यक परवानगी अवलंबून असते. ग्रामपंचायतीच्या जागेसाठी पंचायतीची, वनजमिनीसाठी वन विभागाची आणि शहरातील उद्यानांसाठी महानगरपालिकेची संमती लागते. संरक्षित किल्ल्यांना १९५८ चा केंद्रीय किंवा १९६० चा महाराष्ट्राचा प्राचीन स्मारकविषयक कायदा लागू असल्याने संबंधित पुरातत्त्व विभागाच्या परवानगीविना तेथे खोदकाम वा दुरुस्ती करता येत नाही. कामात नाणी किंवा इतर पुरावस्तू सापडल्यास त्याची माहिती प्रशासनास द्यावी लागते. शहरी भागात वृक्ष तोडण्यासाठी १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी आवश्यक असते.

देखभाल आणि सातत्य

श्रमदानाचा पहिला टप्पा बहुधा उत्साहाचा असतो. टंचाई, स्पर्धा, एखादे नेतृत्व किंवा जयंतीसारखे निमित्त यांमुळे लोक एकत्र येतात. त्यानंतर चरांत गाळ साचतो, बांधांचे दगड सरकतात, झाडांची आळी बुजतात; ही कामे लहान, वारंवार करावी लागणारी व लक्षात न येणारी असतात. त्यांच्यासाठी बक्षीस नसते व छायाचित्रही काढले जात नाही.

ज्या ठिकाणी काम टिकले, तेथे काही समान बाबी आढळतात. कामाचा वार व वेळ ठरलेली असते. जबाबदारी व्यक्तीच्या किंवा वस्तीच्या नावावर असते. अवजारे, पाणी व दुरुस्ती यांसाठी लहानसा निधी असतो. निर्माण झालेल्या साधनाच्या वापराचे नियम ग्रामसभेने किंवा गटाने ठरवलेले असतात. एकाच नेत्यावर अवलंबून न राहता नवे लोक तयार केले जातात. जागेवरील हक्काची निश्चितीही महत्त्वाची ठरते. एखादी मोकळी जागा बांधकामासाठी किंवा अन्य वापरासाठी केव्हाही जाऊ शकते, अशी स्थिती असल्यास तेथे अनेक वर्षे श्रम करण्यास लोक धजावत नाहीत.

टीका

श्रमाचा इतिहास आणि जात: गावासाठी विनामोबदला राबणे ही काही समाजघटकांसाठी निवडीची बाब नव्हती. वतनदारी व्यवस्थेत महार समाजाकडून गावकीची अनेक कामे सक्तीने करून घेतली जात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी या वतनाविरुद्ध दीर्घ लढा दिला आणि १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाव वतने रद्द झाली. सफाईचे काम तर विशिष्ट जातींवर लादलेले होते. त्यामुळे गावात श्रमदान होताना खराटा कोणाच्या हाती असतो आणि देखरेख कोण करतो, हा प्रश्न गौण मानता येत नाही, असे मत मांडले जाते. सफाईचे काम स्वतःच्या हाती घेण्यामागे पटवर्धन व भावे यांची भूमिका हीच विभागणी मोडण्याची होती.

मजुरी आणि लाभ: महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, १९७७ अन्वये ज्या कामासाठी मजुरी मिळू शकते, तेच काम भूमिहीन मजुराने विनामूल्य करावे, अशी अपेक्षा अन्यायकारक असल्याची टीका होते. जलसंधारणाने विहिरींची पातळी वाढते, तिचा थेट लाभ विहीर व जमीन असणाऱ्यांना होतो. भूमिहीनांना पिण्याचे पाणी, चारा आणि गावातच वाढलेला रोजगार या रूपांत अप्रत्यक्ष फायदा मिळतो. श्रम सर्वांचे व लाभ मोजक्यांचा, ही स्थिती टाळण्यासाठी भूमिहीनांना सूट देणे आणि जमीनधारकांनी श्रमाचा किंवा वर्गणीचा अधिक वाटा उचलणे हे उपाय सुचवले जातात.

शासनाची जबाबदारी: रस्ते, पाणीपुरवठा व स्वच्छता ही स्थानिक स्वराज्य संस्थांची कर्तव्ये आहेत. श्रमदानाचे कौतुक करताना या कर्तव्यांकडे दुर्लक्ष होऊ नये आणि नियमित सफाई कामगारांच्या वेतनाला व सुरक्षेला पर्याय म्हणून त्याचा वापर होऊ नये, असा आक्षेप घेतला जातो.

सामाजिक दबाव: स्पर्धेच्या काळात सहभागी न होणाऱ्या कुटुंबाला गावात बोल लावले जाण्याची शक्यता असते. त्यामुळे स्वेच्छेचे तत्त्व दुबळे होते.

तांत्रिक चुका: नाल्यांचे अवाजवी खोलीकरण किंवा उताराचा विचार न करता खोदलेले चर नुकसानकारक ठरू शकतात. दख्खनच्या पठारावरील नैसर्गिक गवताळ माळरानांवर झाडे लावल्याने त्या परिसंस्थेवर अवलंबून असणाऱ्या पशुपक्ष्यांचा अधिवास कमी होतो, याकडे पर्यावरण अभ्यासकांनी लक्ष वेधले आहे.

इतर देशांतील समान प्रथा

श्रीलंकेत ए. टी. अरियरत्ने यांनी १९५८ मध्ये कोलंबोच्या नालंदा महाविद्यालयातील विद्यार्थ्यांसह कनतोलुव या खेड्यात श्रमदान शिबिर घेतले. त्यातून सर्वोदय श्रमदान चळवळ उभी राहिली व देशभर पसरली. इंडोनेशियातील गोतोंग रोयोंग, फिलिपाईन्समधील बायानिहान, केनियातील हराम्बे, फिनलंडमधील ताल्कोत आणि अँडीज पर्वतप्रदेशातील मिंगा या प्रथा सामूहिक श्रमाच्याच आहेत. नॉर्वेत शेजाऱ्यांनी मिळून वसंत ऋतूत इमारतीचे आवार व बाग साफ करण्याच्या प्रथेला दुग्नाद म्हणतात. रवांडात महिन्याच्या शेवटच्या शनिवारी होणारे उमुगांडा हे सार्वजनिक काम प्रौढ नागरिकांना कायद्याने बंधनकारक आहे. सोव्हिएत रशियात १९१९ मध्ये मॉस्कोतील रेल्वे कामगारांनी सुरू केलेल्या सुब्बोत्निक या शनिवारच्या विनावेतन कामाचे पुढे जवळजवळ सक्तीच्या उपक्रमात रूपांतर झाले. शेवटच्या दोन उदाहरणांत ऐच्छिक व अनिवार्य श्रमातील सीमारेषा पुसट होते.

अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात १९७३ मध्ये लिझ क्रिस्टी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बावरी व ह्यूस्टन रस्त्यांच्या कोपऱ्यावरील पडीक जागा साफ करून सामुदायिक बाग केली. अशा बागांना साहाय्य करण्यासाठी १९७८ मध्ये शहराचा ग्रीनथंब हा कार्यक्रम सुरू झाला. १९९९ मध्ये शहर प्रशासनाने शंभराहून अधिक बागांच्या जागा लिलावात काढण्याचे ठरवले. तीव्र विरोधानंतर दोन ना-नफा संस्थांनी त्या जागा विकत घेऊन बागा वाचवल्या. वर्षानुवर्षे निगा राखणाऱ्यांचा त्या जागेवर कोणता हक्क असतो, हा प्रश्न या घटनेने पुढे आणला.

हे सुद्धा पहा

भूदान चळवळ
राष्ट्रीय सेवा योजना
संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान
हिवरे बाजार
पाणलोट क्षेत्र विकास
वेठबिगार